साडेचारचं माप

लक्ष्मणरावांनी गोष्ट सांगायला घेतली की त्यांचे बैल चालता चालता थांबतात, असं गावात म्हणत. त्यात बैलांचा काही गुण नव्हता. समोरून कोणी आलं की लक्ष्मणराव स्वतःच कासरा धरून उभे राहायचे, आणि बिचारे बैल गोष्ट संपेपर्यंत रवंथ करायचे. गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला हा माणूस; पण त्या सात वर्षांतल्या गोष्टी त्यांना पुढची साठ वर्षं पुरल्या, आणि अजून निम्म्या शिल्लक आहेत असं ते म्हणत.

सेलूहून केळझरकडे जाताना उजव्या हाताला आत वळलं आणि रेल्वेचं फाटक ओलांडलं, की त्यांचं गाव. तिथं त्यांची सात एकर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. वय शहात्तर, दात स्वतःचे, आवाज खणखणीत. घरात बायको रुख्माबाई. मुलगा आणि सून नोकरीपायी नागपूरला. दिवाळीला आलेली नात आकांक्षा मात्र यंदा इथंच राहिली होती. तिची कंपनी पुण्याला आणि ती इथं माडीवर लॅपटॉप घेऊन, कानात बोंडं घालून. गावाला वाटायचं, पोरीला नोकरीवरून काढलं. लक्ष्मणरावांना वाटायचं, पोरगी घरी आहे हे काय वाईट?

तर यंदा कापूस असा फुटला होता की धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभं राहिलं तर डोळे दिपावेत. पहिली वेचाई कशीबशी झाली होती. रुख्माबाईच्या भावाच्या घरची माणसं चार दिवस येऊन हात लावून गेली. आता दुसऱ्या वेचाईचं शेत पांढरं होऊन उभं होतं आणि वेचायला एक बाई मिळत नव्हती. मोबाइलवर रोज ढग दाखवत होते. येत्या सोमवारी पाणी, असं आकांक्षानं दोनदा वाचून दाखवलं. फुटलेल्या बोंडावर पाणी पडलं की कापूस पिवळा पडतो, कवडी होतो. मग तो कोणी हातात धरत नाही. आज सोमवार होता. म्हणजे सात दिवस आणि सात एकर.

लक्ष्मणरावांना पावसापेक्षा दुसरीच गोष्ट जास्त टोचत होती. बावीस वर्षं त्यांच्या शेतात भागीरथाबाईची टोळी वेचायला यायची. भागीरथा धरून चौदा बाया. बोलावणं कधी धाडावं लागलं नाही. दसरा झाला की ती स्वतः दारात येऊन विचारायची, "भाऊ, कवा धरायचं?" वेचाई सुरू करायच्या दिवशी शेतात दहीभात ठेवून पूजा करतात, सीतादही म्हणतात त्याला, ती पूजाही तिच्याच हातची. गेल्या वर्षी तिच्या टोळीतल्या पाच-सहा बाया गळाल्या, त्यांच्या जागी तिनं दुसऱ्या जमवल्या. यंदा ती आलीच नाही. सीतादही नवराबायकोनं दोघांनीच केलं, तेव्हा दही शिंपताना लक्ष्मणरावांना एकही गोष्ट आठवली नाही. हा त्यांच्या आयुष्यातला मोठाच प्रसंग म्हणायचा.

टोळी गेली होती पलीकडच्या गावच्या सचिनकडे. सचिन तिशीतला, तोंडाचा कोरडा. तो हसलेला कोणी पाहिला नव्हता. त्याची गाडी सकाळी सात वाजता बस थांब्यावर येते, बाया भरते आणि जाते. लक्ष्मणरावांनी किलोमागचा दर त्याच्यापेक्षा वाढवून पाहिला. चहाबरोबर चिवडा ठेवला. कोणी आलं नाही.

"त्याच्यात असं काय हाये?" ते रुख्माबाईला विचारत. "मायाकडे बाया गोष्टी आयकायले येत. हसत हसत दिवस जाये त्याइचा. त्या मुक्याकडे काय आयकत असतीन?"

रुख्माबाई लसूण सोलत म्हणाली, "आयकत नसतीन, म्हणूनच जात असतीन." पण हे ती इतक्या हळू बोलली, की लक्ष्मणरावांना पुढची गोष्ट आठवली आणि ते तीच सांगू लागले.

त्या सोमवारी जेवताना त्यांनी नातीला विचारलं, की तू दिवसभर त्या डबड्यात काय करून राह्यली? आकांक्षानं सोपं करून सांगितलं. तिच्या कंपनीचं नाव लोकांत असं व्हायला हवं, की हुशार माणसं आपणहून तिथं नोकरी मागायला यावीत. आणि आलेली माणसं दोन वर्षांत पळून जाऊ नयेत. त्यासाठी काय काय करायचं, हे ती ठरवते.

लक्ष्मणरावांचा घास हातातच राहिला. "असं काम असते?"

"असते आबाजी. पगार देतात त्याचा."

"मंग माया चौदा बाया आणून दे."

पोरगी हसली, पण तिला ते आवडलं. तिनं लगेच वही काढली. म्हणाली, पहिली गोष्ट, मालकाचा फोटो लावायचा नाही. काम करणाऱ्यांचे चेहरे दाखवायचे. ज्या बाईनं बावीस वर्षं इथं काम केलं, तिचा मोठा फोटो लावायचा, तिचा मान करायचा. बाकीच्यांना वाटलं पाहिजे, इथं माणसाला किंमत आहे. लक्ष्मणरावांच्या मनात बस थांब्यावर गॉगल लावलेला आपलाच फोटो आला होता. तो त्यांनी मुकाट्यानं गिळला. पण कल्पना पटली. गावात वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो, निवडणुकीचा लागतो, बारावी पास झाल्याचा लागतो. कापूस वेचणाऱ्या बाईचा कोणी लावला होता?

आता भागीरथाबाईचा फोटो आणायचा कुठून? लक्ष्मणरावांनी ट्रंक उपसली. सहा वर्षांपूर्वी सेलूच्या बँकेत तिचं खातं काढून द्यायला ते गेले होते. एका कामाला तीन चकरा झाल्या होत्या, कारण तिथल्या बाबूला त्यांनी एक गोष्ट सांगायला घेतली होती आणि ती दोन दिवसांतही संपली नव्हती. तेव्हाची तिच्या आधार कार्डाची झेरॉक्स ट्रंकेत सापडली. काळीपांढरी, जराशी पुसट. पण चेहरा कळत होता.

मजकूर त्यांनी स्वतः लिहिला. सातवीत निबंधाला पहिला नंबर होता त्यांचा. "बावीस वर्षे जिने आमच्या शेताची सेवा केली, ती आमची भागीरथाबाई. असे हात पुन्हा होणे नाही. लक्ष्मणराव आणि समस्त परिवार." ते कागद घेऊन माडीवर गेले. नात मीटिंगमध्ये होती. तिनं कानातलं न काढताच मान हलवली, अंगठा दाखवला. मंगळवारी लक्ष्मणराव सेलूला रत्नदीपच्या फ्लेक्सच्या दुकानात फोटो आणि मजकूर देऊन आले.

रत्नदीप गुणी मुलगा. त्यानं काळापांढरा फोटो पाहिला, खालची ओळ वाचली, आणि त्याला वाईट वाटलं. म्हाताऱ्या माणसाला आणखी काय विचारायचं, म्हणून त्यानं आपल्या मनानंच फोटोभोवती झेंडूचा हार टाकला, दोन बाजूंना दोन समया लावल्या. वर थोडी जागा उरली होती, तिथं मोठ्या अक्षरांत "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहिलं. दुःखाच्या कामाला उशीर नको, म्हणून बुधवारी सकाळी सहालाच स्वतः येऊन त्यानं तो बस थांब्यावर बांधला आणि तो परस्पर निघून गेला.

सात वाजता भागीरथाबाई आपल्या बायांसह सचिनच्या गाडीची वाट पाहायला थांब्यावर आली.

भागीरथाबाई म्हणजे साठीची, काटक, कमरेला वेचाईचं फडकं बांधलेली. तिला अक्षर लावून वाचता येतं. पण वाचायच्या आधी चेहरा दिसला. ती बराच वेळ मान वर करून पाहत राहिली. शेवटी ती म्हणाली, "फोटो काई बरा नाई निंघाला, माय."

तेवढ्यात गाडी आली. चालक पलीकडच्या गावचा, नवीन. बायांची नावं त्याला ठाऊक नव्हती. त्यानं काचेतून फ्लेक्स पाहिला. गावात मयत असली की माती होईपर्यंत कामाला कोणी जात नाही, हा इकडचा रिवाज. बायांनी तोंड उघडायच्या आत त्यानं हात जोडले आणि गाडी वळवून निघून गेला. झालं. चौदा बाया, पाठीशी फडकी, हातात डबे, आणि पुढं अख्खा रिकामा दिवस.

इकडे कोणीतरी फ्लेक्सचा फोटो मोबाइलवर पुढं ढकलला होता. भागीरथाबाईची मुलगी काजल केळझरला दिलेली. ती ऑटो करून, वाटेतच रडायला सुरुवात करून आली. थांब्यावर उतरली तर आई समोर उभी. काजलचं रडणं एकदम थांबेना, म्हणून तिनं तेच रडणं आईच्या गळ्यात पडून पूर्ण केलं.

मग तो सगळा मेळा लक्ष्मणरावांच्या अंगणात आला. पुढं भागीरथाबाई, मागं बाया, काजल, ऑटोवाला, आणि मौतीला म्हणून आलेली आणखी वीसेक माणसं.

लक्ष्मणरावांनी अजून फ्लेक्स पाहिलाच नव्हता. गर्दी पाहून त्यांची छाती फुलली. नातीला हाक मारून म्हणाले, पाह्य, एका दिवसात किती माणसं आली. आकांक्षानं काजलच्या मोबाइलवरचा फोटो पाहिला आणि पायरीवरच बसली. मग लक्ष्मणरावांनी पाहिला. मोबाइल उलटासुलटा धरून पाहिला, तरी हार तिथंच होता.

भागीरथाबाई अंगणात नीट मांडी घालून बसली. रुख्माबाईनं पाणी आणलं, ते तिनं शांतपणे प्यालं. म्हणाली, "भाऊ, तुमीच मले मारलं, तं आता मेलेल्या माणसाचं आयका. जित्तेपणी बोलता नाई आलं."

"बोल ना, बाई. मी कवा नाई म्हटलं?"

"नाई म्हटलं नाई. बोलू कवा देल्लं?"

मागं बसलेल्या बायांच्या पदराआडून हसू फुटलं. आणि मग जे भागीरथाबाईनं सांगितलं, ते लक्ष्मणरावांनी मान खाली घालून ऐकलं.

गोष्ट नळाची होती. त्यांच्या वस्तीत नळ सव्वापाचला येतो आणि अर्ध्या तासात जातो. शेत गावापासून पाऊण कोस. साडेचारला माप सुरू झालं, तर पाचला निघून बाई नळावर पोचते. पण लक्ष्मणरावांच्या शेतात माप म्हणजे दरबार. सगळ्या बाया गाठोडी घेऊन काट्याभोवती जमलेल्या, आयते अठ्ठावीस कान समोर. मग लक्ष्मणरावांना हटकून गोष्ट आठवायची. पहिलं गाठोडं काट्याला लटकलेलं, आणि ते सांगताहेत बोरच्या जंगलातल्या बिबट्याची गोष्ट. दुसऱ्या गाठोड्याला मामाच्या लग्नातल्या रुसलेल्या घोड्याची. शेवटच्या बाईचं माप होईस्तोवर सहा वाजायचे. नळ गेलेला, ड्रम कोरडा, आणि मग लोकांच्या विहिरीवर हातापाया पडणं. गेल्या वर्षी ज्या बाया सुटल्या, त्यांच्या सासवा ओरडायच्या.

"तुमच्या गोष्टी गोड हायेत, भाऊ," भागीरथाबाई म्हणाली. "बिबट्याची तं मी माया नातीले सांगतो. पण त्या सचिनचं तोंड पाहा, कडू. तरी साडेचारले काटा लावते म्हणजे लावते. मी नळावर पयल्या नंबरले राह्यतो. बाकीच्या गावातही बाया हेच सांगतात: लक्ष्मणभाऊकडे जाऊ नका, माणूस चांगला हाये, पण पाणी भेटत नाई."

लक्ष्मणरावांना ते वाक्य कापसाच्या बोंडाच्या टोकासारखं बोचलं. आपल्या नावाची ही चर्चा बावीस वर्षांत त्यांच्या कानावर आली नव्हती. ज्याला ते आपला सगळ्यात मोठा गुण समजत होते, त्याच्याच पायी बाया जात होत्या. दर वाढवला, चिवडा ठेवला, फ्लेक्स लावला. विचारलं मात्र नव्हतं.

आकांक्षा हळूच म्हणाली, "आबाजी, चूक माझी आहे. आधी हेच विचारायला पाहिजे होतं. आमच्या कंपनीतही आम्ही कायम हेच विसरतो."

लक्ष्मणराव उठले. एरवी त्यांनी या ठिकाणी एक दाखला दिला असता. नुसतं म्हणाले, "उद्या येऊन पाह्यजा. साडेचारले काटा. मी त्या वक्ती तोंड उघडलं, तं तुमी गाठोडे टाकून निंघून जाजा."

भागीरथाबाईनं बायांकडे पाहिलं. "एक दिवस पाहू," ती म्हणाली. "सचिनले फोन करतो. म्हणतो, उद्या माया तिसरा हाये."

गुरुवारी बाया आल्या. लक्ष्मणरावांनी रात्री विचार करून एक गोष्ट ठरवली होती. मापाच्या वेळी बोलायचं नाही, पण वेचाईच्या वेळी कोणी मनाई केली होती? बाया आपापल्या तासानं, म्हणजे पऱ्हाटीच्या ओळीनं, पुढं सरकत होत्या, दोन्ही हात चालू, कान मोकळे. लक्ष्मणराव मधल्या तासातून काठी टेकत त्यांच्याबरोबर चालू लागले आणि सांगू लागले. हात थांबत नव्हते. उलट मागं पडलं तर ऐकू येत नाही, म्हणून मागच्या बाया भराभर वेचत पुढं येत होत्या.

दुपारनंतर त्यांनी एक नवी गोष्ट काढली, कधी कोणाला न सांगितलेली. लग्नाला दोन महिने झाले होते. नवी सायकल, मागं कॅरिअरवर रुख्माबाई. केळझरच्या गणपतीला जाऊन परत येत होते. रस्ताभर लक्ष्मणराव बोलत होते. फाटक गेलं, नाला गेला, गाव आलं. घरासमोर सायकल उभी केली, मागं वळून पाहतात तो कॅरिअर रिकामं.

आणि तेवढ्यात धुऱ्यावरून आकांक्षानं हाक दिली. साडेचार.

लक्ष्मणरावांनी तोंड मिटलं आणि काट्याकडे चालू लागले.

"मंग? रुख्माबाई कुठी गेल्ती?" जयवंता नावाची तरणी बाई मागून ओरडली. लक्ष्मणरावांनी नुसती काठी हलवली. चौदा गाठोडी झाली, प्रत्येकीचं माप आकांक्षानं मोठ्यानं वाचलं. लक्ष्मणराव ओठ दाबून उभे. दहाव्या गाठोड्याला त्यांचा चेहरा लाल झाला होता. भागीरथाबाईला वाटलं, आता फुटते हा माणूस. पण फुटला नाही. पाचला दहा मिनिटं कमी असताना बाया वाटेला लागल्या. त्या दिवशी वस्तीतले सगळे ड्रम भरले.

नळाकडे जाता जाता बायांनी विहिरीवर रुख्माबाईलाच गाठलं. खरं काय झालं, सांगा ना. रुख्माबाईनं कळशी डोक्यावर चढवली. "मले काऊन विचारता व? ज्यानं हरवली त्याले विचारा," म्हणून निघून गेली. पन्नास वर्षांत तिनं नवऱ्याच्या गोष्टीला एवढी मदत कधी केली नव्हती.

शुक्रवारी चौदाच्या सतरा बाया झाल्या. गळालेल्यांतल्या तिघी परत आल्या होत्या. लक्ष्मणरावांनी गोष्ट पुढं नेली, पण सरळ नाही. रिकामं कॅरिअर पाहून ते कसे उलटे फिरले, नाल्यात कसे उतरले, वाटेत एका कीर्तनकाराची गाठ कशी पडली, त्या कीर्तनकाराच्या भावाची म्हैस कशी होती. साडेचार वाजले तेव्हा गोष्ट म्हशीपाशी होती. शनिवारी ती फाटकापर्यंत आली. सचिनची गाडी दोन दिवस थांब्यावर येऊन रिकामी परतली. तिसऱ्या दिवशी सचिन स्वतः आला आणि भागीरथाबाईला विचारू लागला, की दर कमी पडला का? ती म्हणाली, दर नाई बावा, गोष्ट आर्धी राह्यली.

रविवारी दुपारी शेवटचा तास वेचून संपला. मागं वळून पाहिलं तर सात एकरांत नुसती हिरवी-तांबडी पऱ्हाटी. उत्तरेकडून आभाळ दाटून येत होतं. पाऊस सोमवारची वाट पाहणार नव्हता. साडेचारला माप सुरू झालं, पावणेपाचला संपलं. पण बाया निघेनात.

"नळ," लक्ष्मणरावांनी आठवण दिली.

"आज नळ नाई," भागीरथाबाई म्हणाली. "मोटर जळली टाकीची. सांगा आता."

मापाच्या जागी गोष्ट सांगायला त्यांना पहिल्यांदाच कोणी स्वतःहून म्हटलं होतं. ते कापसाच्या ढिगाशेजारी बसले. चहाची किटली घेऊन रुख्माबाईही आली होती. तर झालं असं होतं, की येताना फाटक बंद होतं. लक्ष्मणराव सायकलवरून उतरून फाटकवाल्याला एक गोष्ट सांगू लागले. एक मालगाडी गेली, दुसरी गेली, फाटक उघडलं, पुन्हा बंद झालं. रुख्माबाई उभी राहून कंटाळली आणि ओळखीच्या बैलगाडीत बसून पुढं गेली. लक्ष्मणराव सायकलवर चढले आणि घरापर्यंत रिकाम्या कॅरिअरशी बोलत आले. सगळं रान धुंडाळून दमून घरी परतले, तेव्हा चुलीपुढं बसलेल्या रुख्माबाईनं विचारलं होतं, "संपली का गोष्ट?"

बाया हसता हसता कापसावर लोळल्या. भागीरथाबाईनं डोळे पुसले. "म्हणजे तुमच्याकडचं काम पयले रुख्माबाईनं सोडलं होतं. आमी मागून."

"मी त्याच दिवशी परत आली," रुख्माबाई म्हणाली. "तुमाले वर्ष लागलं."

तेवढ्यात पहिले थेंब आले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कापूस भरला होता, ताडपत्री एका कोपऱ्याला अपुरी पडत होती. आकांक्षाला आठवलं, बुधवारी काढून आणलेला फ्लेक्स शेतातल्या खोपटात पडला होता. तोच उलगडून वर टाकला, दोऱ्यांनी बांधला. सगळ्या बाया ट्रॉलीच्या कडेला दाटीवाटीनं बसल्या.

ट्रॉली बस थांब्यावरून गेली तेव्हा पाऊस चांगला लागला होता. परगावचा एक म्हातारा छपराखाली बसची वाट पाहत उभा होता. त्यानं कापसावरचा हार घातलेला फोटो पाहिला, टोपी काढली आणि हात जोडले. भागीरथाबाईनं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि त्यालाही हात जोडून परत नमस्कार केला.